हिरडीच्या पेशींवर इम्प्लांटचे साहित्य तपासताना

दंत-इम्प्लांट जबड्याच्या हाडात रुजते, म्हणून त्याची चर्चा बहुतेक वेळा हाडापासून सुरू होते आणि हाडापाशीच संपते. हे स्वाभाविक आहे, कारण या उपचाराचा पायाच तेथे घातला गेला. स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रानेमार्क यांना १९५०च्या दशकात सशांच्या हाडात बसवलेले टायटॅनियमचे कक्ष हाडाशी इतके एकजीव झालेले आढळले की ते पुन्हा काढता येईनात, आणि त्या निरीक्षणाचा पाठपुरावा करत त्यांनी १९६५मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. परंतु हाडात कितीही पक्के बसलेले इम्प्लांट तोंडात यायचे तर हिरडीला भेदूनच वर यावे लागते. हाड आणि कृत्रिम दात यांच्यामधल्या त्या तीन-चार मिलिमीटरांच्या पट्ट्यात हिरडीने घट्ट बसणे आवश्यक असते. तसे झाले नाही, तर तोंडातील जिवाणूंना थेट हाडापर्यंत वाट मोकळी होते. नैसर्गिक दातापाशी ही राखण कोलॅजनचे तंतू करतात, कारण ते मुळावरील सिमेंटम या कठीण थरामध्ये आडवे शिरून रुतलेले असतात. इम्प्लांटला सिमेंटम नसते. तेथे हे तंतू बहुतांशी पृष्ठभागाला समांतर धावतात आणि त्यांची पकड मुळातच दुबळी राहते. हे तंतू तयार करणाऱ्या पेशी म्हणजे हिरडीतील फायब्रोब्लास्ट. इम्प्लांटचे साहित्य या पेशींना मानवते का, हे तपासण्याचे काम माझ्याकडे आले. त्या कामाचा हा वृत्तान्त आहे.

अशा चाचणीचा आराखडा नव्याने शोधावा लागत नाही. वैद्यकीय साधनांच्या जैविक मूल्यमापनासाठी आयएसओ १०९९३ ही आंतरराष्ट्रीय मानकांची मालिका आहे. तिच्या पाचव्या भागात पेशींवरील विषारी परिणामाची प्रयोगशाळेतील चाचणी दिली आहे, बाराव्या भागात नमुने कसे तयार करावेत ते सांगितले आहे, आणि दंतवैद्यकातील साधनांसाठी आयएसओ ७४०५ हे वेगळे मानक आहे. या चाचण्यांत नेहमी वापरली जाणारी एल९२९ ही पेशीमालिका उंदराच्या फायब्रोब्लास्टपासून निघालेली असून १९४०च्या दशकापासून ती प्रयोगशाळांत वाढवली जात आहे. ती भराभर वाढते, बऱ्यापैकी एकसारखी वागते, आणि तिच्यामुळे एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. साहित्य विषारी आहे की नाही, एवढाच प्रश्न असेल तर ती पुरेशी आहे. आमचा प्रश्न त्यापुढचा होता. हिरडीची पेशी या पृष्ठभागावर टेकते का, पसरते का आणि तेथे टिकून राहते का, याचे उत्तर उंदराच्या पेशीकडून मिळणार नव्हते. म्हणून एल९२९ संदर्भासाठी सोबत ठेवून मुख्य काम माणसाच्या हिरडीतून थेट मिळवलेल्या पेशींवर करायचे ठरले.

या पेशी मिळवण्यासाठी कोणाच्याही हिरडीला मुद्दाम इजा करावी लागत नाही. अक्कलदाढ काढताना किंवा दाताचा अधिक भाग उघडा करण्याच्या शस्त्रक्रियेत हिरडीचा लहानसा तुकडा कापला जातोच आणि एरवी तो टाकून दिला जातो. तरीही तो त्या माणसाच्या शरीराचा भाग असतो, त्यामुळे नैतिकता समितीची मंजुरी आणि दात्याची लेखी संमती यांशिवाय त्याला हात लावता येत नाही. हे संमतीपत्र उपचाराच्या संमतीपासून वेगळे ठेवले होते, आणि तुकड्याचे काय होणार, पेशी किती काळ साठवल्या जाणार, नकार दिल्यास उपचारात काहीही फरक पडणार नाही, हे सर्व त्यात साध्या भाषेत लिहिले होते. हा भाग मी कधीच निव्वळ औपचारिकता मानला नाही. पुढे निघणाऱ्या प्रत्येक आकड्याला याच कागदाचा आधार असतो. प्रयोगशाळेत दात्याचे नाव येत नाही, फक्त सांकेतिक क्रमांक येतो. दाते प्रौढ, धूम्रपान न करणारे, निरोगी हिरड्यांचे आणि नजीकच्या काळात प्रतिजैविके न घेतलेले असावेत असा निकष ठेवला, कारण सुजलेल्या हिरडीतील फायब्रोब्लास्ट निरोगी हिरडीतील पेशींसारखेच वागतील याची खात्री देता येत नाही.

तोंड ही जिवाणूंनी गजबजलेली जागा असल्यामुळे तेथून आलेली ऊती निर्जंतुक असण्याची शक्यताच नसते. तुकडा पेनिसिलिन, स्ट्रेप्टोमायसिन आणि बुरशीविरोधी अ‍ॅम्फोटेरिसिन-बी घातलेल्या थंड मीडियममध्ये, म्हणजे पेशींच्या पोषक द्रावणात, आणला जातो, बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये फॉस्फेट बफरने पुन्हा पुन्हा धुतला जातो, वरचा एपिथेलियमचा, म्हणजे पृष्ठभाग झाकणाऱ्या पेशींचा, थर शक्य तितका सोडवला जातो, आणि उरलेल्या भागाचे एक-दोन मिलिमीटरांचे बारीक तुकडे केले जातात. ब्लेड नवे आणि धारदार हवे. बोथट ब्लेडने ऊती कापली जात नाही, चेंगरली जाते, आणि ज्या कडांतून पेशी बाहेर पडायच्या असतात त्याच कडा मरतात. हे तुकडे फ्लास्कच्या तळाशी मांडल्यावर लगेच मीडियम ओतायचे नसते. ते तळाला धरेपर्यंत त्यांना जेमतेम ओले ठेवायचे आणि मग फ्लास्कच्या भिंतीवरून सावकाश मीडियम सोडायचे, कारण सुटून तरंगू लागलेल्या तुकड्यातून पेशी बाहेर येत नाहीत. एका नमुन्यात एवढी काळजी घेऊनही यीस्टचे गोल, चकचकीत कण दिसू लागले आणि तो फ्लास्क टाकून द्यावा लागला. असा फ्लास्क जास्तीचे औषध घालून वाचवण्याचा मोह होतो. माझ्या मते तो आवरावा, कारण वाचलेल्या पेशींवर त्या औषधाचा किती परिणाम राहिला हे नंतर कोणालाही सांगता येत नाही, आणि आपल्याला तर परिणामच मोजायचा असतो.

यापुढचे काम इनक्युबेटरचे आणि वाट पाहण्याचे. ३७ अंश सेल्सिअस तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, भरपूर आर्द्रता, आणि मीडियम म्हणून १० टक्के वासराच्या गर्भाचे सीरम घातलेले डीएमईएम. सुरुवातीला फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली तुकड्याचा काळपट पुंज आणि त्याची दातेरी कड यांशिवाय काहीच दिसत नाही. मग एखाद्या ठिकाणी कडेतून एक निमुळते, पारदर्शक टोक बाहेर आलेले दिसते. पुढच्या खेपेस तेथे लांबट पेशी असते, तिच्या मध्यभागी अंडाकृती केंद्रक असते आणि दोन्ही टोके तळाला धरून ताणलेली असतात. तिच्यामागून दुसरी येते, मग अनेक येतात. काही तुकड्यांभोवती आधी एपिथेलियमच्या बहुकोनी पेशींचा दाट पट्टा दिसतो आणि आपल्याला हव्या त्या या पेशी नव्हेत म्हणून मन खट्टू होते, पण या मीडियममध्ये त्या फार काळ टिकत नाहीत. त्यांना कमी कॅल्शियमचे वेगळे मीडियम लागते. फायब्रोब्लास्ट मात्र वाढत जातात आणि दाटी झाली की माशांच्या थव्याप्रमाणे एकमेकींना समांतर होऊन वळणे घेत पसरतात. ती वळणे दिसू लागली की पेशी तळापासून सोडवणाऱ्या ट्रिप्सिन या विकराची वेळ आली असे समजावे.

फायब्रोब्लास्टसारखी दिसणारी प्रत्येक पेशी फायब्रोब्लास्टच असेल असे नाही, म्हणून व्हायमेंटिन आणि सायटोकेरॅटिन या दोन प्रथिनांसाठी रंजन केले: पहिले, फायब्रोब्लास्टमधले, मिळायला हवे; दुसरे, एपिथेलियममधले, मिळता कामा नये. मायकोप्लाझ्माची तपासणी त्याहूनही महत्त्वाची आहे. या जिवाणूंना पेशीभित्तिका नसते, त्यामुळे पेनिसिलिन त्यांचे काही बिघडवू शकत नाही. त्यांच्यामुळे मीडियम गढूळही होत नाही, आणि पेशी वरवर ठीक दिसत असताना त्यांचा चयापचय मात्र बदललेला असतो. चयापचयावरच आधारलेली चाचणी अशा पेशींवर केली, तर साहित्याविषयी काढलेला निष्कर्ष खरे म्हणजे संसर्गाविषयीचा असू शकतो. पीसीआरने प्रत्येक दात्याच्या पेशी तपासल्याशिवाय त्या पुढे नेल्या नाहीत. तपासलेल्या पेशी १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशींना जपणारे रसायन) असलेल्या सीरमयुक्त द्रावणात हळूहळू गोठवून उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत ठेवल्या. माणसाच्या सामान्य पेशी ठरावीक मर्यादेपर्यंतच विभाजित होतात, हे लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१मध्ये दाखवले. त्या मर्यादेच्या कितीतरी आधीच पेशींचे वागणे बदलू लागते, म्हणून तिसऱ्या पॅसेजपासून (पेशी सोडवून नव्या फ्लास्कमध्ये नेण्याच्या फेरीपासून) पुढचे मोजकेच पॅसेज वापरायचे आणि सर्व साहित्यांसाठी एकाच पॅसेजच्या पेशी घ्यायच्या, असा नियम घालून घेतला.

तपासायची साहित्ये चार होती: शुद्ध टायटॅनियमची चौथी श्रेणी, ६ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेले पाचव्या श्रेणीचे संमिश्र, यिट्रियाने स्थिर केलेले झिर्कोनिया हे सिरॅमिक, आणि पीक (पॉलिइथर इथर कीटोन) हे बहुवारिक. टायटॅनियम शरीराला मानवते असे आपण सहज म्हणतो, पण पेशीची गाठ त्या धातूशी पडतच नाही. हवेत येताच त्याच्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर धरतो आणि पेशी त्या थरावर, किंबहुना त्या थरावर आधीच चिकटलेल्या प्रथिनांवर बसते. झिर्कोनिया तर मुळातच ऑक्साइड आहे.

चाचणीसाठी या साहित्यांच्या चकत्या बनवून घेताना सर्वाधिक लक्ष खडबडीतपणावर द्यावे लागले. हाडात बसणारा भाग मुद्दाम खडबडीत करतात, पण हिरडीशी येणारा भाग गुळगुळीत ठेवतात. सरासरी खडबडीतपणा ०.२ मायक्रोमीटरच्या खाली नेऊनही जिवाणूंचे चिकटणे फारसे आणखी कमी होत नाही, असे मानले जाते, आणि म्हणून आम्ही सर्व चकत्या त्याच पातळीपर्यंत घासून घेतल्या. एक साहित्य लेथवरून आलेले, दुसरे आरशासारखे घोटलेले, अशी तुलना केली तर फरक साहित्याचा की खरवडण्याचा, हे उलगडत नाही. वाचलेल्या काही निबंधांत या मुद्द्याची दखलच नव्हती आणि त्यांतील निष्कर्ष मला त्यामुळे स्वीकारता आले नाहीत. खडबडीतपणा मोजणाऱ्या प्रोफाइलोमीटरने प्रत्येक गटाची मोजणी करून, बसत नसलेल्या चकत्या बाजूला काढल्या.

स्वच्छतेचा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. घासताना लागलेली पेस्ट आणि तेल काढण्यासाठी अ‍ॅसिटोन, इथेनॉल आणि आयनविरहित पाणी यांत क्रमाक्रमाने अल्ट्रासॉनिक धुलाई करावी लागते. ऑटोक्लेव्हच्या १२१ अंशांना जिवाणू मरतात, पण मेलेल्या जिवाणूंच्या भित्तिकेतील एंडोटॉक्सिन तेवढ्या उष्णतेने नष्ट होत नाही, आणि टायटॅनियमवर चिकटून राहिलेले एंडोटॉक्सिन फायब्रोब्लास्टना डिवचू शकते. काचेची भांडी २५० अंशांच्या कोरड्या उष्णतेत अर्धा तास ठेवून ते घालवता येते. चकत्यांना तो उपाय लावला असता, तर टायटॅनियमवरील ऑक्साइडचा थर जाड झाला असता आणि तपासायचा पृष्ठभागच बदलला असता. म्हणून धुण्याच्या पाण्यापासूनच एंडोटॉक्सिनविरहित पाणी वापरले आणि निर्जंतुकीकरण गॅमा किरणांनी करून घेतले. आणखी एक गोष्ट म्हणजे, नुकताच साफ केलेला टायटॅनियमचा पृष्ठभाग पाणी चटकन पसरू देतो, पण हवेतील हायड्रोकार्बन बसत जातात तसतसा तो पाण्याला परका होतो. त्यामुळे सर्व चकत्यांची वेष्टने धुलाईनंतर सारख्याच काळाने उघडली जातील, हे पाहावे लागले.

पहिली चाचणी अर्काची. साहित्यातून काही झिरपते का आणि झिरपलेले पेशींना बाधते का, एवढेच तीत पाहायचे असते. अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून जाड नमुन्यासाठी दर ३ चौरस सेंटिमीटर पृष्ठभागामागे १ मिलिलिटर मीडियम, असे प्रमाण मानकात दिले आहे. आमची चकती १४ मिलिमीटर व्यासाची आणि २ मिलिमीटर जाडीची होती. दोन्ही बाजू आणि कड धरून तिचे क्षेत्रफळ साधारण ४ चौरस सेंटिमीटर भरते, म्हणजे एका चकतीला सुमारे १.३ मिलिलिटर मीडियम. ते सीरमयुक्त मीडियम चकतीसह ३७ अंशांवर २४ तास ठेवले. तेवढ्याच वेळात ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये प्रत्येक वेलला दहा हजार पेशी पेरून त्यांना स्थिरावू दिले. कडेच्या वेलमधून बाष्पीभवन जास्त होते, म्हणून तेथे पेशी पेरत नाहीत, नुसते मीडियम भरतात. दुसऱ्या दिवशी पेशींवरचे मीडियम काढून अर्क घालायचा: पूर्ण तीव्रतेचा आणि टप्प्याटप्प्याने विरळ केलेला. सोबत उच्च घनतेच्या पॉलिएथिलीनचा अर्क, ज्याने काहीही होऊ नये. आणि ऑर्गॅनोटिन असलेल्या पॉलियुरेथेनचा अर्क, ज्याने पेशी मेल्याच पाहिजेत. न मारणारे (ऋण) आणि नक्की मारणारे (धन), अशी दोन्ही नियंत्रणे अपेक्षेप्रमाणे वागली नाहीत तर मधल्या आकड्यांना अर्थ राहत नाही.

मोजणीसाठी एमटीटी वापरतात. मोझमन यांनी १९८३मध्ये मांडलेली ही पद्धत आजही टिकून आहे, कारण तिचे तत्त्व सरळ आहे: पिवळ्या टेट्राझोलियम क्षाराचे जिवंत पेशीतील विकरे क्षपण करतात आणि त्यातून पाण्यात न विरघळणारे जांभळे फॉरमॅझान तयार होते. द्रावण घालून प्लेट इनक्युबेटरमध्ये दोन तास ठेवली आणि बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर पेशींच्या अंगात आधी जांभळे ठिपके आणि मग सुयांसारखे स्फटिक उगवलेले दिसतात. धन नियंत्रणाच्या वेलमध्ये आक्रसलेल्या, गोल झालेल्या पेशी असतात आणि द्रव पिवळाच्या पिवळा असतो. यानंतर द्रव काढून टाकताना हात हलका हवा, कारण सैल झालेल्या पेशी स्फटिकांसह पिपेटमध्ये ओढल्या जातात. मग आयसोप्रोपेनॉल घालून प्लेट हलवत ठेवली की स्फटिक विरघळतात, वेलावेलांतून जांभळा रंग समान पसरतो आणि प्लेट रीडर ५७० नॅनोमीटरवर तो मोजतो.

मानकाच्या परिशिष्टातील निकाल ग्राह्य धरण्याच्या दोन अटी मला फार उपयुक्त वाटल्या. प्लेटच्या डाव्या आणि उजव्या बाजूला निव्वळ मीडियममधील पेशींचा एकेक स्तंभ असतो. त्यांपैकी कोणत्याही स्तंभाची सरासरी दोहोंच्या एकत्रित सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त दूर असेल तर पेरणीच असमान झाली असे मानून प्लेट बाद करायची. दुसरी अट अशी की अर्क निम्मा विरळ केल्यावर जगलेल्या पेशींचे प्रमाण पूर्ण अर्काइतके किंवा जास्त यायला हवे. उलट आले तर चाचणी पुन्हा करायची. नियंत्रणाच्या तुलनेत जीवनक्षमता ७० टक्क्यांखाली गेली, तर साहित्याला पेशींवर विषारी परिणाम करण्याची क्षमता आहे, असे समजतात. आमची चारही साहित्ये या रेषेच्या बरीच वर राहिली. पाचव्या श्रेणीच्या संमिश्रातील व्हॅनेडियमविषयी मला उत्सुकता होती, कारण व्हॅनेडियमचे आयन पेशींना विषारी असतात. पण ऑक्साइडचा थर शाबूत असताना इतके थोडे बाहेर पडते की चौथ्या श्रेणीच्या अर्काशी तुलना करता या अर्कात फरक आढळला नाही.

येथेच थांबून अहवालावर «जैवसुसंगत» असा शिक्का मारणे सोपे आहे आणि पुष्कळदा तसे केलेही जाते. मला ते मान्य नाही. एमटीटी पेशींची संख्या मोजत नाही, त्यांचा चयापचय मोजते. पेशी न मरताही मंदावू शकतात. म्हणून फाटलेल्या पेशीपटलातून बाहेर गळणारे लॅक्टेट डिहायड्रोजिनेज हे विकर स्वतंत्रपणे मोजले. शिवाय २४ तासांचा उदासीन मीडियममधील अर्क म्हणजे तोंड नव्हे. तोंडात प्लाकखाली आम्ल साठते, फ्लोराइड येते, आणि आम्लात फ्लोराइड असेल तर टायटॅनियमवरचा संरक्षक थर झिजतो. दंतधातूंच्या गंजासाठी असलेल्या आयएसओ १०२७१मध्ये लॅक्टिक आम्ल आणि मीठ यांचे २.३ पीएचचे द्रावण घेऊन नमुना सात दिवस ३७ अंशांवर ठेवतात आणि बाहेर पडलेले आयन मोजतात. धातूच्या चकत्यांसाठी ती मोजणी जोडल्याशिवाय अर्काचा निकाल पूर्ण झाला असे आम्ही धरले नाही.

सर्वांत मोलाचा भाग थेट संपर्काच्या चाचणीचा होता: चकत्या २४ वेलच्या प्लेटमध्ये ठेवायच्या आणि पेशी त्यांच्यावरच पेरायच्या. चकती अपारदर्शक असल्यामुळे नेहमीच्या उलट्या सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही आणि तिच्यावर काय चालले आहे याचा अंदाज शेजारच्या मोकळ्या वेलवरून बांधावा लागतो. चकती आणि वेलची भिंत यांच्यामध्ये बारीक फट राहतेच. काही पेशी त्या फटीतून खाली उतरतात आणि प्लास्टिकवर सुखाने वाढतात, कारण ते प्लास्टिक पेशींना आवडावे असेच तयार केलेले असते. मोजणी त्याच वेलमध्ये केली तर प्लास्टिकवरच्या पेशी साहित्याच्या नावावर जमा होतात. म्हणून मोजण्यापूर्वी प्रत्येक चकती निर्जंतुक चिमट्याने कडेला धरून उचलायची, बफरच्या वेलमध्ये एकदा बुडवून सैल पेशी सोडायच्या आणि चकती नव्या प्लेटमध्ये ठेवायची. चिमटा वरच्या पृष्ठभागाला लागता कामा नये. लागला तर तेथील पेशींचा पट्टाच निघतो आणि नंतर रंजनात तो स्पष्ट दिसतो. येथे धन नियंत्रणासाठी तांब्याची चकती वापरली. तिच्यावर एकही पेशी धड पसरली नाही.

कॅल्सीन आणि इथिडियम होमोडायमर यांच्या रंजनात जिवंत पेशी हिरव्या आणि मेलेल्या तांबड्या चमकतात. चारही साहित्यांवर तांबडे ठिपके विरळच होते, म्हणजे या कसोटीलाही सगळी उतरली. फरक दिसला तो हिरव्या पेशींच्या आकारात. टायटॅनियमच्या दोन्ही श्रेणींवर आणि झिर्कोनियावर पेशी पहिल्याच दिवशी लांब, पसरट झाल्या होत्या. पीकवर त्या कमी होत्या आणि त्यांतील बऱ्याच अजून गोलसर होत्या. पीकवर पाण्याचा थेंब फुगीर उभा राहतो, पसरत नाही, आणि सीरममधील प्रथिनेही तेथे वेगळ्या रीतीने बसतात. पेशींची सुरुवात संथ होण्याचे कारण बहुधा तेच. पुढे ही तफावत कमी होत गेली, परंतु जखम भरण्याच्या पहिल्या दिवसांत हिरडी आणि जिवाणू यांच्यात जागेसाठी चढाओढ असते, तेव्हा हा सुरुवातीचा संथपणा मी दुय्यम मानत नाही.

पकड किती पक्की आहे हे पाहण्यासाठी पेशीच्या आतील अ‍ॅक्टिनचे तंतू फॅलॉइडिनने आणि चिकटण्याच्या जागांवरील व्हिन्क्युलिन प्रतिपिंडाने रंगवले. चांगल्या पसरलेल्या पेशीत अ‍ॅक्टिनचे ताठ तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातात आणि त्यांच्या शेवटाशी व्हिन्क्युलिनचे ठळक ठिपके असतात. पेशी पृष्ठभागाला धरून ओढ घेत आहे, याचा हा पुरावा. गोलसर पेशींत व्हिन्क्युलिन पसरलेले, धूसर दिसते. काही चकत्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी २.५ टक्के ग्लुटारल्डिहाइडमध्ये स्थिर करून, इथेनॉलच्या चढत्या तीव्रतेतून नेऊन वाळवल्या आणि सोन्याचा पातळ मुलामा देऊन पाहिल्या. तुलनेसाठी ठेवलेल्या एका लेथवरच्या, न घोटलेल्या टायटॅनियमच्या चकतीवर पेशी हत्याराच्या चरांच्या दिशेने ओळीने निजलेल्या होत्या, आणि एका पेशीच्या कडेतून निघालेले केसाहून बारीक तंतू चरातून वर येऊन कंगोऱ्याला पकडून होते. घोटलेल्या चकत्यांवर अशी दिशा नव्हती. पेशी चोहीकडे पसरलेल्या होत्या. खडबडीतपणा सारखा ठेवण्याचा आग्रह का धरावा, हे या एका चित्राने सांगितले.

आकडे मांडताना दात्यांमधील फरकाला सामोरे जावे लागले. पेशी एकत्र मिसळून टाकल्या असत्या तर आलेख सुबक दिसला असता. आम्ही तीन दात्यांच्या पेशी वेगळ्याच ठेवल्या, आणि एका दात्याच्या पेशी चारही साहित्यांवर इतरांपेक्षा संथ पसरतात असे आढळले. साहित्यांचा एकमेकांतील क्रम मात्र तिन्ही दात्यांत तोच राहिला, आणि माझा विश्वास त्या क्रमावर बसला. एका प्लेटमधल्या अनेक वेलना स्वतंत्र नमुने मानून सांख्यिकी करण्याची पद्धत मी टाळली, कारण ते सर्व वेल एकाच माणसाच्या पेशींचे असतात. नमुन्यांची संख्या म्हणजे दात्यांची संख्या, असे धरल्याने फरक सिद्ध करणे अवघड होते, पण जो फरक उरतो तो बोलण्याजोगा असतो.

अहवालात विषारीपणाचा निकाल आणि पकडीचा निकाल वेगवेगळे लिहिले. पहिल्यात चारही साहित्ये उत्तीर्ण आहेत. दुसऱ्यात शुद्ध टायटॅनियम, संमिश्र आणि झिर्कोनिया यांच्यात फरक दाखवता आला नाही, आणि पीकला सुरुवातीच्या काळात त्यांच्या खाली ठेवले आहे. हे सर्व एकट्या फायब्रोब्लास्टपुरते खरे आहे. हिरडीचा वरचा अडसर एपिथेलियमच्या पेशींचा असतो, आणि जिवाणू उपस्थित असताना या दोन्ही प्रकारच्या पेशी कशा वागतात हे नुसत्या एकेरी कल्चरमधून समजत नाही, म्हणून तसा स्पष्ट उल्लेख अहवालाच्या पहिल्याच पानावर केला. झिर्कोनियाविषयी आणखी एक प्रश्न खुला आहे. ओलाव्यात हळूहळू त्याच्या पृष्ठभागाची स्फटिकरचना बदलते आणि त्यामुळे खडबडीतपणाही बदलू शकतो. आयएसओ १३३५६मध्ये दिल्याप्रमाणे चकत्या १३४ अंशांच्या वाफेत ५ तास ठेवून हे जुनेपण थोड्या वेळात आणता येते. तशा चकत्यांचा गट तयार झाला आहे, त्यांचा खडबडीतपणा पुन्हा मोजून झाला की त्याच तीन दात्यांच्या गोठवून ठेवलेल्या पेशी त्यांच्यावर पेरल्या जातील.